एका चातीचा हिशेब

(शेतातला कापूस गिरणीत जातो आणि सूत होऊन बाहेर पडतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका गिरणीतून दिवसाला किती सूत निघू शकत असे, ते कशाकशावर अवलंबून असे आणि त्यासाठी कोणाला किती राबावे लागे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. या भागातील जमीन काळी आहे. काळी जमीन पावसाचे पाणी बरेच दिवस धरून ठेवते, म्हणून येथे कापूस चांगला येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि शेते पांढरी दिसू लागतात. मग वेचणी सुरू होते. बाया कमरेला ओटी बांधून सकाळपासून कापूस वेचतात.

पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड आणि परभणी या भागांत त्या वेळी गावरानी नावाचा कापूस पिकत असे. त्याचा धागा इतर देशी कापसापेक्षा लांब असे. त्यामुळे बाजारात त्याचे नाव होते.

वेचलेल्या कापसात सरकी असते. जिनिंगच्या कारखान्यात सरकी वेगळी काढतात. उरते ती रुई. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई मिळते. ही रुई दाबून तिच्या गाठी बांधतात आणि गाठी गिरणीला पाठवतात.

गिरण्या नव्हत्या तेव्हा काय होत असे? तेव्हा सूत घरोघर निघत असे. बाया फावल्या वेळात चरखा फिरवत. त्यांनी काढलेले सूत साळी, कोष्टी, मोमीन असे विणकर विकत घेत आणि हातमागावर कापड विणत. सूत काढणे हा गरीब घरांचा, विशेषतः विधवा आणि म्हाताऱ्या स्त्रियांचा मोठा आधार होता.

मग इंग्लंडमध्ये वाफेवर चालणाऱ्या गिरण्या निघाल्या. तेथले स्वस्त सूत व कापड हिंदुस्थानात येऊ लागले. आपल्याकडील व्यापाऱ्यांनी विचार केला, की कापूस आपला, गिऱ्हाईक आपले, मग गिरणी आपली का नसावी? कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत एक कंपनी काढली. तिची ताडदेव येथील गिरणी १८५६ साली सुरू झाली. मुंबईतली ही पहिली सूतगिरणी होय. पुढे मुंबईत एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या.

जमशेटजी टाटा यांनी मात्र वेगळा विचार केला. कापूस शेकडो मैल दूर मुंबईला नेण्यापेक्षा तो पिकतो त्या मुलखातच गिरणी का काढू नये, असे त्यांना वाटले. त्यांनी नागपूर शहर निवडले. नागपूरच्या आसपास कापूस भरपूर होता. १८६७ साली तेथे रेल्वे आली होती. वरोऱ्याचा दगडी कोळसाही जवळ होता. १८७४ साली कंपनी स्थापन झाली. तिचे भांडवल पंधरा लाख रुपये होते. जुम्मा तलावाजवळची जागा घेतली गेली. जुम्मा म्हणजे शुक्रवार, हे तुम्हांला सांगायला नकोच. या तलावाला शुक्रवारी तलावही म्हणत. आज त्याचे नाव गांधीसागर आहे. जागा दलदलीची होती. भराव घालून ती पक्की करावी लागली.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्यावरून या गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. बेझनजी मेहता हे तिचे व्यवस्थापक होते. पूर्वी ते रेल्वेत नोकरीला होते.

सुरुवातीला या गिरणीत सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग होते. चाती म्हणजे सूत कातणारी फिरती सळई. चरख्याला एकच चाती असते. गिरणीत मात्र एकेका साच्यावर चात्यांची लांबच लांब रांग असते. गिरणी केवढी आहे हे सांगायचे असेल, तर तिच्यात किती चात्या आहेत ते सांगत.

आता आपण एका चातीचा हिशेब करू. हा हिशेब सोपा आहे. वहीत मांडून पाहा.

सुताला नंबर असतो. त्या काळी लांबी यार्डात आणि वजन पौंडात मोजत. एक यार्ड म्हणजे छत्तीस इंच आणि एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ८४० यार्ड सुताची एक लडी होते. एका पौंडात जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे वीस नंबरच्या एका पौंड सुताची लांबी २० × ८४० = १६,८०० यार्ड होते. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक.

सुताला पीळ द्यावा लागतो. पीळ नसेल तर धागा ओढताच तुटतो. वीस नंबरच्या सुताला एका इंचात साधारण अठरा पीळ लागतात. चाती एकदा फिरली की एक पीळ पडतो. समजा, चाती मिनिटाला सहा हजार वेळा फिरते. सहा हजारांना अठराने भागले, तर ३३३ येतात. म्हणजे मिनिटाला ३३३ इंच, किंवा सव्वानऊ यार्ड सूत तयार होते. एका तासात झाले सुमारे ५५५ यार्ड.

हा आकडा लक्षात ठेवा. आता चरख्याकडे पाहा. सराईत हात चरख्यावर तासाला तीनशे-चारशे यार्ड सूत काढतो. म्हणजे गिरणीची एक चाती आजीच्या चरख्यापेक्षा दुपटीनेही वेगवान नव्हती! मग गिरणीपुढे चरखा का हरला?

याचे उत्तर चातीच्या वेगात नाही, चात्यांच्या संख्येत आहे. चरख्यावर एक माणूस एक चाती चालवतो. गिरणीत एक कामगार दीडशे-दोनशे चात्यांवर लक्ष ठेवी. आपण १८० चात्या धरू. १८० × ५५५ केले, तर जवळजवळ एक लाख यार्ड होतात. एक लाख यार्ड म्हणजे नव्वद किलोमीटरपेक्षा अधिक. चरख्यावर एका तासात चारशे यार्ड आणि साच्यावर एका तासात एक लाख यार्ड! पिंजणे, पेळू करणे, गाठी वाहणे, इंजिन चालवणे या कामांना गिरणीत आणखी माणसे लागत. तरीही चरखा या स्पर्धेत टिकणे शक्य नव्हते.

आता सगळ्या गिरणीचा हिशेब करू. एक चाती दहा तास चालली, तर ५,५५० यार्ड सूत निघेल. वीस नंबरच्या सुताचे त्याचे वजन पाऊण किलो नाही, अर्धा किलोही नाही. ते भरते फक्त दीडशे ग्रॅम, म्हणजे पौंडाचा तिसरा भाग. पण अशा तीस हजार चात्या आहेत. म्हणून दिवसाचे सूत झाले दहा हजार पौंड, म्हणजे साधारण साडेचार हजार किलो.

एवढे सूत काढायला कापूस किती लागेल? कातताना काही रुई वाया जाते. म्हणून सुमारे ५,२०० किलो रुई हवी. एवढ्या रुईसाठी दीडशे क्विंटलपेक्षा जास्त कापूस लागतो. त्या काळी कोरडवाहू शेतात एकरी सव्वा क्विंटल कापूस निघाला असे धरले, तर सव्वाशे एकरांवरचा कापूस एका दिवसात संपला. गिरणी अशी भुकेली असते.

मात्र हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात सगळ्या चात्या सगळा वेळ चालत नाहीत. कोठे धागा तुटतो, कोठे पट्टा निसटतो, कोठे भरलेली कांडी काढून रिकामी लावायची असते. जी चाती थांबली, तिचे सूत थांबले. म्हणून गिरणीचे उत्पादन चार गोष्टींवर ठरते. चात्या किती, त्यांचा वेग किती, त्या किती वेळ चालल्या आणि त्यांच्यापाशी हात किती होते. एम्प्रेस मिलच्या चालकांना यांतील प्रत्येक गोष्टीशी झगडावे लागले.

पहिला प्रश्न वेगाचा. सुरुवातीच्या चात्या दोन प्रकारच्या होत्या. एकीला थ्रॉसल म्हणत. तिच्या डोक्यावर जड पंख असे. वेग वाढवला की पंख थरथरे आणि धागा तुटे. दुसऱ्या प्रकारच्या साच्याला म्यूल म्हणत. त्याचा गाडा पुढे-मागे जाई. पुढे येताना सूत निघे आणि त्याला पीळ बसे. मागे जाताना सूत गुंडाळले जाई आणि तेवढा वेळ कातणे बंद राही.

अमेरिकेत १८२८ साली रिंग नावाची नवी युक्ती निघाली होती. यात चातीभोवती एक गुळगुळीत कडे असते. कड्यावर तारेची चिमुकली मुदी पळते. ती धाग्याला पीळही देते आणि धागा गुंडाळतेही. जड पंख नाही आणि मागे-पुढे जाणारा गाडाही नाही. म्हणून चाती वेगाने आणि न थांबता फिरते. इंग्लंडमधील लँकेशायरचे गिरणीवाले तेव्हा बहुतांशी म्यूलवरच विसंबून होते. नागपूरला मात्र १८८० नंतरच्या काही वर्षांत रिंगचे साचे आणून पाहिले गेले. ते यशस्वी झाले. चातीचा वेग सहा हजारांवरून नऊ हजार झाला, तर तिचे दहा तासांचे सूत पौंडाच्या तिसऱ्या भागावरून जवळजवळ अर्ध्या पौंडावर जाते. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच चात्यांवर दीडपट सूत!

दुसरा प्रश्न हवेचा. नागपूरचा उन्हाळा कडक असतो. हवा कोरडी झाली की धागा कडक होतो आणि पटापट तुटतो. म्हणून गिरणीत हवा दमट ठेवण्याची यंत्रे बसवावी लागली. त्यामुळे धागे कमी तुटत. पण दमट हवेत दिवसभर उभे राहणाऱ्या कामगाराला घामाने जीव नकोसा होई, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरा प्रश्न हातांचा. तो सर्वांत अवघड होता. गिरणीतले बरेच कामगार मूळचे शेतकरी किंवा शेतमजूर. पेरणी आली, लग्नसराई आली, सण आला की ते गावी जात. शंभरांपैकी वीस कामगार गैरहजर, असेही प्रसंग येत. आपल्या हिशेबात याचा अर्थ काय होतो? पाचव्या भागाचे साचे बंद राहिले, तर दिवसाचे दोन हजार पौंड सूत बुडाले. अर्धा किलोचे एक लुगडे धरले, तर ते सुमारे अठराशे लुगड्यांचे सूत झाले.

यावर दोन उपाय होते. एक दंडाचा आणि दुसरा सवलतींचा. पुष्कळ मालक दंडावरच भर देत. एम्प्रेस मिलमध्ये चांगल्या हजेरीला बक्षिसे दिली जाऊ लागली. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. १८९५ साली अपघात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची व्यवस्था झाली. त्या वेळी कायद्याने असे बंधन घातलेले नव्हते. कामगार टिकला तरच सूत टिकेल, हे तेथे ओळखले गेले.

पण कामगारांचे हाल सगळीकडे होते. गिरण्यांत विजेचे दिवे येईपर्यंत बहुतेक ठिकाणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावण्याचे काम लहान मुले करीत. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असे त्यात होते. म्हणजे बारा वर्षे पूर्ण झालेला मुलगा मोठा माणूस धरला जाई. मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना त्या कायद्याचा काही आधार मिळाला नसता!

मोठ्या माणसांना तर आठवड्याची सुट्टीही नव्हती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांना एकत्र केले. १८८४ साली त्यांनी सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. पगार वेळेवर हवा. कामावर इजा झाली तर मदत हवी. सहा वर्षे प्रयत्न केल्यावर १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी नव्या कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद झाली. १९११ साली पुरुषांचे काम दिवसाला बारा तासांवर आणि १९२२ साली अकरा तासांवर आणण्यात आले.

एक दिवस सुट्टी दिली तर उत्पादन घटेल, अशी मालकांना भीती होती. चाती थांबली की सूत थांबते, हे खरेच. पण थकलेल्या डोळ्यांना तुटलेला धागा दिसत नाही आणि तेवढा वेळ ती चाती रिकामीच फिरते. असे सूत कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. म्हणून विश्रांती हीसुद्धा उत्पादनाच्या हिशेबातलीच गोष्ट आहे.

गिरणीच्या सुताने कोणाचे भले झाले आणि कोणाचे नुकसान? चरख्यावर सूत काढणाऱ्या गरीब स्त्रियांचे काम गेले. त्याची नोंद क्वचितच कोणी ठेवली. उलट हातमागवाल्यांना गिरणीचे सूत उपयोगी पडले. एम्प्रेस मिलच्या साडेचारशे मागांना तीस हजार चात्यांचे सगळे सूत पुरून उरे. उरलेले सूत बाजारात जाई. नागपूरचे कोष्टी आणि कामठीचे मोमीन विणकर असे सूत घेऊन लुगडी व धोतरे विणत. उत्तर हिंदुस्थानातून मालेगाव, भिवंडी येथे आलेल्या विणकर घराण्यांनीही गिरणीच्या सुतावरच आपले माग चालू ठेवले. आज या दोन्ही गावांत यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तेथील सूतही गिरण्यांतूनच येते. एकाच सुताने एका घरातली चूल विझवली आणि दुसऱ्या घरातली पेटती ठेवली.

आपल्या भागातही निजामाच्या काळात नांदेडला मोठी कापडगिरणी निघाली. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून तिला उस्मानशाही गिरणी म्हणत. तिचा भोंगा आता वाजत नाही. एम्प्रेस मिलही गेली. यंत्रे जुनी झाली, तोटा वाढला आणि १९८६ साली जुनी कंपनी बंद झाली. त्यानंतर सरकारी महामंडळाने गिरणी काही वर्षे चालवली. २००२ साली तीही कायमची थांबली. हजारो कुटुंबांचा रोजगार गेला.

बोरीच्या शेतात मात्र अजून कापूस पिकतो. त्याच्या गाठी दूरदूरच्या गिरण्यांत जातात. तेथील चात्या आता मिनिटाला पंधरा-वीस हजार वेळा फिरतात. तरीही हिशेब तोच आहे. चात्या, वेग, वेळ आणि हात. यांतील पहिल्या तीन गोष्टी पैशाने विकत मिळतात. चौथी मिळते, पण तिला घर असते, मुले असतात आणि तिला थकवाही येतो. गिरणीचे उत्पादन किती, असा प्रश्न कोणी विचारला, तर आकडा सांगावा आणि त्या आकड्यामागे किती माणसे उभी होती, तेही सांगावे. तरच हिशेब पुरा होतो.

शब्दार्थ

ओटी – वेचलेला कापूस ठेवण्यासाठी कमरेला बांधलेली कापडाची झोळी
सरकी – कापसाचे बी
रुई – सरकी काढलेला कापूस
पेळू – कातण्यासाठी तयार केलेली कापसाची लांब वळी
साचा – गिरणीतील सूत कातण्याचे यंत्र
माग – कापड विणण्याचे साधन
कोरडवाहू – फक्त पावसाच्या पाण्यावर पिकणारी (शेती)
सराईत – सवयीने तरबेज झालेला
विसंबून असणे – अवलंबून असणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गिरणी केवढी आहे हे कशावरून सांगत?
(आ) एम्प्रेस मिल हे नाव कशावरून पडले?
(इ) गिरणीचे उत्पादन कोणत्या चार गोष्टींवर ठरते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चातीचा वेग फार जास्त नसतानाही गिरणीपुढे चरखा का हरला?
(आ) ‘एकाच सुताने एका घरातली चूल विझवली आणि दुसऱ्या घरातली पेटती ठेवली’ असे लेखकाने का म्हटले आहे?
(इ) नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मागण्या कोणत्या होत्या?

३. हिशेब करा.
चाती मिनिटाला नऊ हजार वेळा फिरते आणि सुताला इंचाला अठरा पीळ लागतात. एका तासात किती यार्ड सूत निघेल?

४. पुढील शब्द उर्दूतही थोड्या फरकाने वापरले जातात. त्यांची उर्दू रूपे सांगा आणि प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
हिशेब, हजेरी, मजूर, जमीन, कायदा, नुकसान.